कलम अकरा आणि कुंपणापलीकडचे हरीण

तारखा आरंभीच देतो, म्हणजे नंतर कोणी त्या विचारण्याच्या निमित्ताने उत्तर लांबवणार नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील एका दरीत, तिथल्या शब्दात ग्लेनमध्ये, आम्ही चौघांनी तंबू ठोकले. शिकारीच्या परवान्यावर ‘अडचणीच्या वेळी, केव्हाही’ या शब्दांपुढे छापलेला फोन नंबर मी वहीत उतरवून घेतला.

शुक्रवार, १० ऑक्टोबर. सरावात डॉक्टर इंगवले यांच्या तीन गोळ्या तीन वेगवेगळ्या दिशांना लागल्या.

शनिवार, ११ ऑक्टोबर, दुपारी तीन वाजून वीस मिनिटे. डॉक्टरांनी हरणावर गोळी झाडली.

रविवार, १२ ऑक्टोबर, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे. ते हरीण मेले.

जबाबदार व्यक्ती पुढीलप्रमाणे. पहिली, आम्हाला ती जमीन चार दिवस भाड्याने देणारी कंपनी. तिचे नाव संपादकांच्या आग्रहास्तव वगळले आहे. तिला ते ठाऊक आहे. दुसरा, मी. तिसरा, आमचा नियोजनकार मंदार, पण फार थोडा. डॉक्टरांचे नाव या यादीत घालण्याचा माझा विचार नव्हता. त्यांनी मसुदा वाचला आणि फोनवर एवढेच म्हणाले, “कर्णिक, मला वगळून तुम्ही माझा अपमान करताय.” म्हणून चौथे, डॉक्टर विश्वास इंगवले.

आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे ‘हायलँड्सची रमणीय सफर’ आणि दोन फोटो मागितले होते. फोटो सोबत जोडले आहेत. सफरीचे जे झाले ते खाली लिहितो. मी थकलो आहे, त्यामुळे वर्णनात कोठे रमणीयता कमी पडली तर वाचकांनी ती फोटोंतून भरून घ्यावी.

निघण्यापूर्वी, वॉटफर्ड

मी लंडनमध्ये ईलिंगला राहतो. एका कौन्सिलच्या लायसन्सिंग खात्यात एकतीस वर्षे काढून निवृत्त झालो. कोणाला दारूचा परवाना द्यावा, कोणाचे हॉटेल किती वाजता बंद व्हावे, कोणत्या अटीचा भंग झाला, हे ठरवण्यात माझे आयुष्य गेले. बंदुकीला मी कधी हात लावलेला नाही. डॉक्टर इंगवले मूळचे आजऱ्याचे, हाडांचे सर्जन, वय शहात्तर. चाळीस वर्षे इथल्या इस्पितळांत त्यांनी लोकांची हाडे जोडली. लहानपणी काकांच्या मागे रानडुकराच्या शिकारीला जात, त्याची गोष्ट आम्ही दर गणपतीला ऐकतो. त्यांच्याकडे रायफल आहे, तिचे रीतसर सर्टिफिकेट आहे, आणि ते सर्टिफिकेट या वर्षअखेरीस संपणार होते. “शेवटचे एक हरीण,” असे ते म्हणत, आणि मग हसून दुसरा काही विषय काढत.

तिसरा मंदार. नागपूरचा, एजवेअरमध्ये राहणारा, सॉफ्टवेअरवाला. त्याने अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले होते. तिथे लोक वाटाड्याशिवाय स्वतःच डोंगरात जातात, तळ टाकतात, एल्क नावाच्या प्रचंड हरणामागे आठवडाभर हिंडतात. मंदारला तेच हवे होते. अमेरिकेचा खर्च आणि व्हिसाची कटकट पाहून तो स्कॉटलंडवर उतरला. इथे एल्क नाही, त्याचा धाकटा भाऊ शोभावा असे लाल हरीण आहे. आपल्याकडचे सांबर डोळ्यांसमोर आणावे, म्हणजे अंदाज येईल. इथली रीत अशी की इस्टेटीचा, म्हणजे त्या खाजगी रानाच्या मालकाचा, माणूस पाहुण्याबरोबर डोंगरावर जातो, हरीण तो निवडतो, गोळी केव्हा झाडायची ते तोच सांगतो. वाटाड्याविना शिकार देणारे थोडे. मंदारने त्यातली ही कंपनी शोधून काढली.

चौथी शुभदा, डॉक्टरांची मुलगी, वॉटफर्डमध्येच जन्मलेली, व्यवसायाने जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. ती गाडी चालवायला आणि वडिलांवर लक्ष ठेवायला आली.

डॉक्टरांच्या वॉटफर्डच्या घरी, बैठकीच्या खोलीत आमच्या चार सभा झाल्या. चारही सभांचे इतिवृत्त माझ्याकडे आहे. पहिल्याच सभेत मला तळप्रमुख नेमण्यात आले. मंदारने लॅपटॉपवर सामानाची यादी उघडली. बावन्नाव्या ओळीवर मी थांबलो.

“मंदार, हा अस्वलाला पळवायचा फवारा कशासाठी?”

“काका, ते अमेरिकन प्लॅनमधून कॉपी झालंय. ती रो डिलीट करायची राहिली.”

“आणि मांस उंच टांगायला तीस मीटर दोर?”

“ते अस्वलांसाठीच. झाडाला टांगायचं.”

“या देशातले शेवटचे अस्वल मरून कित्येक शतके झाली.”

“दोर असू द्या हो कर्णिक,” डॉक्टर म्हणाले. “दोर कशालाही लागतो.” दोर मोटारीत गेला. ज्या दरीत आम्ही तळ टाकला तिथे नजर पोहोचेल तिथवर एकही झाड नव्हते.

त्याच सभेत मी तळाचे नियम लिहून वाचून दाखवले. चौदा होते. नववा असा: शंभर मीटरवरून तीन गोळ्या तळहाताएवढ्या वर्तुळात न बसवणाऱ्याने हरणावर गोळी झाडू नये. सर्वांनी सह्या केल्या. डॉक्टरांनी सर्वांत आधी.

गुरुवार: तळ

बुधवारचा सगळा दिवस रस्त्यात गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. गुरुवारी दुपारी डांबरी रस्ता संपला, मग खडीचा संपला, आणि एका दगडी ओसाड घराच्या आडोशाला आम्ही तंबू काढले. जमीन दिसायला गवताची, पायाखाली स्पंजाची. खुंटी हातानेच आत जाई आणि तशीच बाहेर येई. शेवटी मंदारने ओढ्यातून दगड आणून दोऱ्यांवर ठेवले. ओढ्याचे पाणी चहासारखे तांबूस. तिथल्या मातीचाच तो रंग. शुभदाने ते दोनदा गाळून उकळले, तरी त्यात चहाची पूड घातली की नाही हे सांगता येईना.

सामानात मात्र आमची गैरसोय नव्हती. चौघांच्या घरून चौघांना पुरेल इतके प्रत्येकी आले होते: तीन डबे चिवडा, दोन डबे बेसन लाडू, भाजणी, मेतकूट, सुक्या खोबऱ्याची चटणी, आणि तीन लिटरचा प्रेशर कुकर. पकड कोणीही आणली नव्हती. चार दिवस गरम पातेली आम्ही मंदारच्या मोज्यांनी उतरवली.

तो हरणांच्या माजाचा काळ होता. ऊन उतरले आणि समोरच्या डोंगरावरून आवाज आला. डरकाळी म्हणावी तर तीत राग नव्हता; रिकामे पिंप दगडांवरून कोणी सावकाश ओढत न्यावे तसा तो आवाज. एक थांबला की दुसरीकडून उत्तर येई. डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला होता, आणि ते त्यांना कळले नव्हते. मला कळले होते.

शुक्रवार: तीन शिट्ट्या आणि तीन गोळ्या

पहाटे दुर्बिणीतून समोरच्या उतारावर बारा-तेरा माद्या आणि त्यांच्यामध्ये एक जाड मानेचा नर दिसला. वारा तिकडून आमच्याकडे येत होता, म्हणजे आमचा वास त्यांना लागणार नव्हता. सारे जमून आले होते. मंदारने न्याहारीपूर्वी वरणभाताचा कुकर लावला होता, म्हणजे परत येऊन जेवता येईल.

पहिल्या शिट्टीला माद्यांनी माना वर केल्या. दुसरीला नराने. मंदार पोटावर पडल्या पडल्या पुटपुटला, “तिसरी झाली की बंद करतो, डाळ कच्ची राहील.” तिसऱ्या शिट्टीला उतार मोकळा झाला होता.

“नागपूरचं वरण,” शुभदा म्हणाली. “सगळ्या ग्लेनला सांगून शिजते.”

आम्ही मनापासून हसलो. त्या चार दिवसांत शेवटचे. मी नियम पंधरावा लिहिला: तळावर कुकरची शिट्टी वाजवू नये.

दुपारी सराव. ओढ्याकाठी दरडीला मंदारने कागद लावला. त्याच्या तीन गोळ्या बशीएवढ्या जागेत बसल्या, वर्तुळाच्या काठाला एक. डॉक्टर पालथे झाले, बराच वेळ नेम धरला. पहिली गोळी कागदाच्या डाव्या कोपऱ्यात. दुसरी खाली मातीत. तिसरी वर्तुळाच्या वर, वीतभर दूर.

मंदार कागद घेऊन आला.

“वारा होता काका,” मंदार म्हणाला.

वारा नव्हता. ओढ्याकाठचे गवत हलत नव्हते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

“बाबा, तुमचा हात शेक होते आहे,” शुभदा म्हणाली. “ट्रेमर आहे. मी सहा महिने सांगते. उद्या मंदार शूट करेल.”

“शुभू,” मी म्हणालो, “पहिली गोळी ज्येष्ठाची. तो मान आहे.”

“कर्णिककाका, तुमचा रूल नंबर नाइन?”

मी काय उत्तर दिले ते लिहितो, कारण ते माझ्याविरुद्ध आहे आणि नोंदवलेच पाहिजे. मी म्हणालो, “नियम नवशिक्यांसाठी आहे.” तसे त्यात कोठेही लिहिलेले नाही. एकतीस वर्षांत असली सबब सांगणाऱ्या एकाही अर्जदाराला मी परवाना दिला नव्हता.

मी असे का म्हणालो तेही सांगतो. अकरा वर्षांपूर्वी माझ्या पत्नीचा खुबा मोडला. रात्री दोन वाजता हे डॉक्टर, रजेवर असताना, वॉटफर्डहून आले आणि सकाळी सहाला शस्त्रक्रियागृहातून बाहेर पडले. ती आज काठीशिवाय चालते. ज्या हातांनी तिला चालते केले, त्या हातांना मी नापास कसे म्हणणार होतो? आपल्यात असे म्हणत नाहीत. दुसऱ्याची चूक आपण वाऱ्यावर ढकलतो, आणि सगळे मान हलवतात. इथल्या लोकांचा अतिरेकी स्पष्टवक्तेपणा मला कधी रुचला नाही. त्या दिवशी तो आमच्यात एकाच व्यक्तीकडे होता, आणि तिला मी गप्प केले.

डॉक्टरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

शनिवार

सकाळपासून धुके. दहाला ते उचलले आणि आम्ही निघालो: पुढे मंदार, मागे डॉक्टर, त्यांच्यामागे शुभदा आणि मी. डोंगर इथे चढायचा नसतो, पोहायचा असतो. कमरेइतके हेदरचे झुडूप, त्याखाली पाण्याने भरलेले खड्डे. माझा उजवा गुडघा एक वाजता संपला. डॉक्टर एकदाही थांबले नाहीत.

तीनच्या सुमारास एका खडकामागून मंदारने हात वर केला. खाली, दीडशे-एक मीटरवर, तो जाड मानेचा नर एकटा उभा होता. अंगाला चिखल फासलेला, तोंडातून वाफ निघत असलेली. त्याच्यामागे काही अंतरावर आमच्या जमिनीची हद्द सांगणारे तारेचे उंच कुंपण, आणि एका जागी ते जमिनीला टेकलेले. मंदारने मागे पाहिले. “काका, तुम्ही,” तो कुजबुजला आणि बाजूला सरकला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ ‘मारा’ असा होता, आणि तो परवाना मी दिला.

आवाज झाला. नराने पाठ कमानीसारखी वर काढली, मागचे पाय झाडले, आणि तो कुंपणाच्या त्या मोडक्या जागेतून पलीकडे गेला.

डॉक्टर रायफलीवरून उठले नाहीत. “पोटात लागली,” ते म्हणाले. “खूप मागे लागली.”

अशा वेळी अर्धा तास थांबायचे असते, म्हणजे जनावर घाबरून दूर न जाता कोठेतरी बसते. आम्ही थांबलो. मग कुंपणापर्यंत गेलो. गवतावर रक्त थोडे आणि हिरवट. कुंपणाला पाटी होती: पलीकडे दुसरी इस्टेट. मी कंपनीचा परवाना काढला आणि त्यातले कलम अकरा वाचून दाखवले: कोणत्याही कारणास्तव शस्त्रासह हद्द ओलांडू नये, जखमी जनावर हद्दीपलीकडे गेल्यास खालील क्रमांकावर तत्काळ कळवावे.

“मी रायफल नाही घेत,” शुभदा म्हणाली. “चालायला तर कोणी पण जाऊ शकतो ना इथे?” ते खरे आहे, या देशाच्या त्या भागात डोंगरावर पायी कोणालाही जाता येते. ती गेली. वीस मिनिटांनी परत आली.

“तिथे बसले आहे. एका काळ्या खड्ड्याच्या बाजूला. डोके वर आहे. माझ्याकडे बघत होते. फार लांब नाही काका, तीनशे मीटर. आत्ता गेले तर एका गोळीत संपेल.”

डॉक्टरांची रायफल आता मंदारकडे होती, ती त्याने खांद्यावरून काढली. “मी जाऊन येतो. दहा मिनिटं.”

“तुझा कायमच्या वास्तव्याचा अर्ज कोठे आहे?” मी विचारले.

तो थांबला.

“परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीवर बंदूक घेऊन गेलास. उद्या कोणी तक्रार केली, पोलिसांत नोंद झाली, तर त्या अर्जाचे काय होईल? तुझ्या बायकोला काय सांगशील?”

मंदारने रायफल खाली ठेवली. मग डॉक्टर पुढे आले. “कर्णिक, माझा कुठला अर्ज नाही. मला जाऊ द्या. गोळी माझी आहे.”

“डॉक्टर, कलम अकरा स्पष्ट आहे. मी फोन लावतो. माणूस येईल.”

कायद्याच्या बाबतीत ते माझे नेहमीच ऐकतात. मृत्युपत्र, कौन्सिलशी झालेला भिंतीचा वाद, सगळे माझ्या सल्ल्याने केले. त्यांनी ऐकले.

फोनला सिग्नल वरच्या टेकाडावर येई. मी गुडघा धरून वर गेलो. घंटा वाजत राहिली. पहिल्या वेळी मी वाट पाहिली, शिष्टाचार म्हणून. चौथ्या वेळी मी मोठ्याने बोलू लागलो, समोर कोणी नसताना. अकरा वेळा फोन केला. वेळा वहीत आहेत. कंपनीने जे दिवस शिकारीसाठी विकले होते, त्यांतल्याच एका दिवशी तिचा अडचणीचा फोन उचलायला कोणी नव्हते. खाली कुंपणाशी तिघे दिसत होते. डॉक्टर तारेला हात लावून उभे होते, पलीकडे बघत.

सहाला उजेड गेला. शुभदा पुन्हा एकदा पाहून आली. हरीण त्या जागी नव्हते. परत येताना ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला भाजणीचे थालीपीठ केले होते. ते कोणी खाल्ले नाही. त्या रात्रीबद्दल मला लिहायचे नाही.

रविवार

उजाडताच मी आणि मंदार मोटारीने खाली गेलो. कुंपणापलीकडच्या इस्टेटीचे पहिले घर सात मैलांवर. दार उघडले ते कॅलम नावाच्या साठीच्या माणसाने. त्या इस्टेटीची हरणे राखणारा तोच. हातात टोस्ट, पायात लोकरी मोजे. मी परवाना पुढे केला आणि घडलेले सांगू लागलो. त्याने कागदाकडे पाहिलेही नाही.

“केव्हा लागली गोळी?”

“काल दुपारी. तीन वीस.”

“काल?” त्याने टोस्ट खिडकीत ठेवला. “बाईंनी त्याला पाहिलं म्हणता? बसलेला? आणि तुमच्याकडे रायफल होती?”

“आम्हाला परवानगी नव्हती,” मी म्हणालो.

तो माझ्याकडे काही क्षण पाहत राहिला. त्या नजरेत राग असता तर मला बरे वाटले असते. “साहेब,” तो म्हणाला, “मरणाऱ्या जनावराचे हाल थांबवायला कुंपण ओलांडलंत म्हणून या मुलखात तुम्हाला कोणी दोषी धरलं नसतं. मी तर नसतंच धरलं. मी इथेच होतो. दिवसभर घरात होतो.”

मंदारने मान खाली घातली. मी वही मिटली.

कॅलमची कुत्री काळी, म्हातारी, एका कानाने बहिरी. कॅलमने त्याच्या गाडीतून पलीकडच्या वाटेने आम्हाला वर नेले; कुंपणाशी डॉक्टर आणि शुभदा पायी येऊन थांबले होते. कॅलमने नावे विचारली, डॉक्टरांशी हस्तांदोलन केले, आणि त्यांचा हात त्याने थोडा अधिक वेळ हातात ठेवला. कुत्रीने त्या काळ्या खड्ड्यापासून माग काढला. चारशे मीटरसुद्धा नव्हते. पाण्याने कापलेल्या एका घळीत हरीण बसले होते. मान वर ठेवण्याचा प्रयत्न करत होते, ती पुन्हा पुन्हा खाली येत होती. आम्हाला पाहून उठायला गेले. पुढचे पाय उठले, मागचे उठले नाहीत.

आपल्या पद्धतीने आम्ही तिथेही थबकलो. मंदारने डॉक्टरांकडे पाहिले, डॉक्टरांनी कॅलमकडे. कॅलमने कोणाकडेच पाहिले नाही. खांद्यावरून रायफल काढली, चार पावले पुढे गेला, आणि झाडली. मी घड्याळ पाहिले. सवय.

मग त्याने पोट उघडले आणि लगेच हात मागे घेतला. वास माझ्यापर्यंत आला. “हे खाण्याच्या लायकीचं राहिलं नाही,” तो म्हणाला. “सगळं जाळावं लागेल.”

डॉक्टरांनी आजऱ्याच्या शिकारीची गोष्ट आम्हाला पन्नासदा तरी सांगितली असेल. डुक्कर आले की वाडीतल्या प्रत्येक घरी त्याचा वाटा जाई. शिकारीला न आलेल्या विधवेच्या घरीसुद्धा जाई, आणि कोणी वाटा उचलला नाही तर काकांना जेवण जात नसे. त्या घळीत ते ओल्या हेदरवर बसले आणि शुभदाला म्हणाले, “एक घासही नाही, बाळा. कोणालाच नाही.”

शुभदा त्यांच्याजवळ बसली. त्यांचा थरथरणारा हात तिने दोन्ही हातांत धरला, आणि बराच वेळ सोडला नाही. “बाबा, मला पण बोलायचे होते मोठ्याने,” ती म्हणाली. “मी पण गप्प राहिली.”

शिंगे हवीत का, असे कॅलमने विचारले. डॉक्टरांनी नको म्हटले.

परतल्यावर, ईलिंग

सोमवारी आम्ही परतलो. डॉक्टरांनी गुरुवारी रायफल विक्रेत्याकडे दिली आणि सर्टिफिकेट मुदतीआधीच पोलिसांकडे परत केले. थरथर कशाची आहे याच्या तपासण्या सुरू आहेत. शुभदा माझ्याशी बोलते, पण ‘कर्णिककाका’ म्हणण्याआधी थोडी थांबते. मंदारचा अर्ज मंजूर झाला. त्याने पेढे आणून दिले आणि दारातूनच परत गेला.

मी मूळ कायदा काढून वाचला, जो मी निघण्यापूर्वी वाचायला हवा होता. घायाळ हरणाचे हाल थांबवण्यासाठी केलेले कृत्य तो गुन्हा मानत नाही. एक वाक्य आहे. एकतीस वर्षे मी लोकांना सांगत आलो की कागदावरची अट वाचा आणि तिच्यामागचा कायदाही वाचा. मी फक्त अट वाचली. त्याची किंमत मी मोजली नाही. ती दुसऱ्याने एकोणीस तास मोजली.

माझ्या भागाचा कबुलीजबाब इथे संपतो. मी तो छापून देत आहे, चारचौघांत, माझ्या मंडळाच्या लोकांपुढे. यापुढचे कंपनीसाठी आहे.

मी आपल्याला तीन पत्रे पाठवली, पोच घेऊन. पहिल्याचे उत्तर यंत्राने दिले. दुसऱ्याला आपण ‘आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो’ असे कळवले. तिसऱ्याच्या उत्तरात पुढच्या हंगामासाठी सवलतीचे कूपन आले. ते मी परत पाठवले आहे. आपली खाजगी पत्रे मला नकोत. हा लेख इंग्रजीत भाषांतरित करून आपल्या संचालकांच्या नावे रवाना झाला आहे, आणि संपादकांनी आपल्या उत्तरासाठी पूर्ण पान राखून ठेवण्याचे लेखी मान्य केले आहे. त्या पानावर, आपल्या संचालकांच्या सहीने, पुढील गोष्टी सांगा.

ज्या लोकांबरोबर वाटाड्या नसावा असे आपणच ठरवले, त्यांच्या हाती दिलेल्या कलम अकरामध्ये जखमी जनावराबाबत कायद्याने दिलेली मोकळीक का छापलेली नाही? शेजारच्या इस्टेटीच्या माणसाचे नाव आणि सात मैलांवरचे घर आपल्याला ठाऊक होते की नव्हते, आणि असल्यास ते परवान्यावर का नाही? आणि शनिवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांपासून सहापर्यंत मी अकरा वेळा वाजवलेला तो फोन कोणत्या शहरात, कोणत्या टेबलावर वाजत होता, आणि तो उचलण्याचे काम कोणाचे होते? त्या माणसाचे नाव सांगा. त्या वेळी तो कोठे होता तेही सांगा.